अ‍ॅनी बेझंट यांचे ‘दिव्यदृष्टी’चे रसायनशास्त्र

होमरूल चळवळीमुळे आपल्याला परिचित असलेल्या अ‍ॅनी बेझंट (१८४७-१९३३) यांच्या आयुष्यातला एक अध्याय अणूंशीही निगडित आहे. लंडनमध्ये जन्मलेल्या बेझंट यांचा विवाह एका धर्मोपदेशकाशी झाला, पण श्रद्धा डळमळली आणि १८७३ मध्ये त्या पतीपासून वेगळ्या झाल्या. पुढे चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यासह त्या निरीश्वरवादाचा प्रचार करू लागल्या. संततिनियमनाची माहिती देणारी पुस्तिका छापल्याबद्दल १८७७ मध्ये दोघांवर खटला झाला आणि नंतर मुलीचा ताबाही त्यांना गमवावा लागला. त्यांनी विज्ञानाचे शिक्षण घेतले, वर्गही चालवले. पांढऱ्या फॉस्फरसमुळे जबड्याचे हाड कुजण्याचा धोका पत्करून काडेपेट्या बनवणाऱ्या मुलींच्या १८८८ च्या संपाला त्यांनी बळ दिले.

१८८९ मध्ये त्या थिऑसॉफीकडे वळल्या. १८९५ मध्ये सहकारी चार्ल्स लेडबीटर यांच्यासह त्यांनी अतींद्रिय दृष्टीने मूलद्रव्यांचे ‘निरीक्षण’ सुरू केले. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा दोन वर्षे बाकी होती. हायड्रोजनच्या अणूत १८ आणि ऑक्सिजनच्या अणूत २९० परमकण दिसतात, असा त्यांचा दावा होता. २९० ला १८ ने भागले की १६.११ येतात, ऑक्सिजनचा अणुभार १६! ही ‘निरीक्षणे’ १९०८ मध्ये ‘ऑकल्ट केमिस्ट्री’ या ग्रंथात आली.

आकडे जुळले, मग खोट कुठे? अणुभार तेव्हा पाठ्यपुस्तकांत छापलेलेच होते. निरीक्षकाला उत्तर आधीच ठाऊक असेल, तर ते जुळण्याला पुराव्याचे मोल नसते. शिवाय ही मोजणी तिसऱ्या कुणाला पडताळता येत नव्हती. पुढे प्रयोगशाळांतून अणूचे जे चित्र उलगडले, त्यात हायड्रोजनच्या केंद्रकात एकच प्रोटॉन आढळला आणि त्याभोवती एक इलेक्ट्रॉन. १८ परमकण कुठेच सापडले नाहीत.

बेझंट जाणूनबुजून फसवत होत्या, असे म्हणायला आधार नाही. बनारसचे सेंट्रल हिंदू कॉलेज आणि १९१७ चे काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्या कर्तृत्वाची साक्ष देतात. ज्या कसोटीवर त्यांनी धर्मग्रंथ तपासले, ती त्यांनी स्वतःच्या अनुभवाला मात्र लावली नाही. एखाद्या उपचाराच्या जाहिरातीत ऊर्जा, कंपने, क्वांटम असे शब्द दिसले, की हीच कसोटी आठवावी: सांगणाऱ्याच्या शब्दापलीकडे हे कुणी तपासले आहे का?