ट्युरिंगचा तराजू
अ‍ॅलन ट्युरिंगचे (१९१२-१९५४) वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी, म्हणून लहानपणी तो इंग्लंडमध्ये परक्यांच्या घरी राहिला. आपल्यापैकी काहींना हे वाचून गलबलेल! दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कला जर्मन नौदलाचं एनिग्मा फोडताना त्याने युक्ती काढली: प्रत्येक बारीकशा पुराव्याला वजन द्यायचं, बेरीज करत जायचं, पारडं पुरेसं झुकलं की निर्णय. कागद बॅनबरी गावी छापलेले, म्हणून नाव पडलं ‘बॅनबरिस्मस’. मला थक्क करतं ते पुढचं. निर्णय घेताना मेंदूतल्या पेशीही असाच पुरावा साठवतात, असं गोल्ड आणि शॅडलन यांनी २००२ मध्ये मांडलं. ट्युरिंग तेव्हा कुठे होता? समलिंगी संबंधांसाठी १९५२ मध्ये त्याला दोषी ठरवलं. ४१व्या वर्षी तो गेला. माफी मिळाली २०१३ मध्ये.