रेटिंग बनवणारा माणूसही हरायचा

सीवूड्सहून सीएसएमटी लोकल पकडली की कुर्ला येईपर्यंत तीन-चार ब्लिट्झ गेम सहज होतात. पण समजा, कालच तुमचं रेटिंग १५०३ झालंय. स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून झालाय. आज मात्र बोट प्लेच्या बटणावर जातच नाही. मग दोन दिवस नुसती पझल्स सोडवायची, किंवा दुसऱ्या अकाउंटवरून खेळायचं, म्हणजे तो १५०३ सुरक्षित. केलंय ना असं? मीही केलंय.

हा आकडा ज्यांच्यामुळे आपल्या मानगुटीवर बसला, त्यांचं नाव अर्पाद एलो. ‘एलो’ हा कसला तरी शॉर्टफॉर्म असेल असं बऱ्याच जणांना वाटतं. पण ते चक्क आडनाव आहे.

जन्म १९०३ चा, हंगेरीतल्या एका खेड्यात, शेतकरी घरात. दहा वर्षांचे असताना कुटुंब अमेरिकेला गेलं. शिकागो विद्यापीठातून फिजिक्स शिकले आणि मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात चाळीसेक वर्षं तोच विषय शिकवला. बुद्धिबळ हे त्यांचं पोट भरायचं साधन कधीच नव्हतं. तरी विस्कॉन्सिन राज्याचं अजिंक्यपद त्यांनी आठ वेळा जिंकलं. अमेरिकन बुद्धिबळ महासंघ उभा राहिला तेव्हाही ते त्यात होते.

१९५७ सालची मिलवॉकीतली एक स्पर्धा. पन्नाशी ओलांडलेले एलो सर एका बाजूला, समोर चौदा वर्षांचा पोरगा. पोरगा जिंकला. त्याचं नाव बॉबी फिशर.

त्यानंतर दोन वर्षांनी महासंघाने रेटिंगची जुनी पद्धत दुरुस्त करायचं काम एलोंकडे दिलं. त्यांनी तिच्याकडे फिजिक्सवाल्याच्या नजरेने पाहिलं. एकच खेळाडू एक दिवस भारी खेळतो, एक दिवस भिकार खेळतो. म्हणजे ताकद हा एक ठाम बिंदू नाही, ती मागेपुढे हलत राहणार. आपण फक्त तिचा अंदाज बांधू शकतो. दोघांत २०० पॉइंटचा फरक असेल तर वरच्याने शंभरातले साधारण ७६ पॉइंट मिळवावेत. ४०० चा असेल तर ९१ च्या आसपास. प्रत्यक्ष निकाल अंदाजापेक्षा वेगळा आला की आकडा थोडा सरकवायचा. बस, एवढंच.

हे हिशेबात बघा, म्हणजे भीती कुठे फसते ते कळेल. ज्यांच्यासाठी फिडेचा गुणक २० आहे, असा खेळाडू बरोबरीच्या खेळाडूशी हरला तर १० पॉइंट जातात. २०० ने वरच्याशी हरला तर जेमतेम ५, आणि जिंकला तर १५ येतात. आकडा तुमच्या ताकदीपेक्षा वर चढलाय? मग तो खाली येणारच, कितीही जपा. खाली अडकलाय? खेळत राहा, गेलेले पॉइंट परत येतात. सूत्रात शिक्षा नावाची गोष्टच नाही.

अमेरिकेने ही पद्धत १९६० मध्ये स्वीकारली, फिडेने १९७० मध्ये. पुढे कित्येक वर्षं जगभरच्या खेळाडूंची आकडेमोड एलो स्वतः करत होते. १९७८ मध्ये त्यांनी यावर पुस्तकही लिहिलं.

आणि तो पोरगा? १९७२ मध्ये रेक्याविकला स्पास्कीला हरवून फिशर जगज्जेता झाला, आणि त्याचं रेटिंग २७८५ वरून २७८० वर आलं! जगज्जेतेपद मिळालं आणि पॉइंट गेले, कारण सूत्राला त्याच्याकडून याहून मोठ्या विजयाची अपेक्षा होती. त्यानंतर वीस वर्षं तो एकही अधिकृत डाव खेळला नाही. कारणं वेगळी होती, पण आकडा राखायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग हाच, नाही का?

एलो स्वतः रेटिंगला एवढा भाव द्यायचे नाहीत. पाण्यावर हेलकावणारं बूच, वाऱ्यात झुलणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीने मोजावं, तसं हे मोजमाप आहे, असं ते सांगत. म्हातारपणी तर त्यांना वेगळीच काळजी लागली. तरुण पोरं पटावर काय चाललंय यापेक्षा आकड्यातच जास्त गुंतलीत, आपण एक राक्षस तर जन्माला घातला नाही ना, असं त्यांना वाटू लागलं होतं. ऑनलाइन बुद्धिबळ यायच्या आधीची ही गोष्ट आहे, हे लक्षात घ्या.

आज तुमच्या फोनवर जे रेटिंग दिसतं ते बहुतेक मार्क ग्लिकमन यांच्या सुधारित पद्धतीचं असतं. तिच्यात आकड्याबरोबर त्याची अनिश्चितताही मोजतात. तुम्ही खेळला नाहीत की ती वाढत जाते. लिचेसवर फार काळ फिरकला नाहीत तर आकड्यापुढे चक्क प्रश्नचिन्ह येतं. म्हणजे तो जपून ठेवलेला १५०३ आतून कच्चा होत असतो. तिथेच सेटिंगमध्ये रेटिंग लपवायची सोयही आहे. महिनाभर लपवून खेळून बघा.

आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये महिला विश्वचषकात उतरली तेव्हा मानांकनात पंधरावी होती. रेटिंगप्रमाणे तिच्यावरच्या बऱ्याच जणी होत्या. कप ती घेऊन आली.

एलो १९९२ मध्ये गेले, वयाच्या ८९ व्या वर्षी. राज्याचं शेवटचं अजिंक्यपद त्यांनी १९६१ मध्ये जिंकलं होतं, साठीला टेकलेले असताना. तोवर त्यांची पद्धत लागू झाली होती. त्यांचे स्वतःचे डावही आता त्यांच्याच सूत्रातून जात होते, आणि ते खेळत होते.