राजर्षी शाहू महाराज : मृगया आणि मल्लविद्या

छत्रपती शाहू महाराज (२६ जून १८७४ – ६ मे १९२२) हे कोल्हापूर संस्थानचे अधिपती होते. सामाजिक सुधारणा, मागास जातींसाठी राखीव जागा आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण यांमुळे ते सर्वपरिचित आहेत. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग शिकारीच्या माळावर आणि कुस्तीच्या आखाड्यात गेला, ही बाजू चरित्रग्रंथांत बहुधा एखाद्या प्रकरणात आटोपली जाते. ती केवळ राजेशाही हौस म्हणून बाजूला ठेवता येत नाही. त्यांच्या कारभारातील काही निर्णय आणि त्यांच्या घरावर कोसळलेला सर्वांत मोठा आघात यांची मुळे याच छंदात आहेत.

बालपण व शिक्षण

शाहूंचे मूळ नाव यशवंतराव. कागलच्या घाटगे घराण्यातील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब हे त्यांचे वडील, तर मुधोळच्या घोरपडे घराण्यातील राधाबाई या आई. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज निपुत्रिक वारल्यानंतर त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले. पुढे राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि त्यानंतर धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. राजकोटला अभ्यासाबरोबर घोडेस्वारी आणि मैदानी खेळ यांवर भर असे. तेथेच भावनगरचे राजपुत्र भावसिंहजी यांच्याशी त्यांचा स्नेह जमला. भावनगरच्या गवताळ माळांवर काळविटांचे मोठे कळप होते आणि चित्त्याकडून त्यांची शिकार करण्याची परंपरा तेथे जिवंत होती. या मैत्रीतून शाहूंना लागलेली चित्त्याच्या शिकारीची गोडी पुढे आयुष्यभर टिकली. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली.

चित्ता, काळवीट आणि फासेपारधी

चित्त्याकडून करवायची शिकार ही बंदुकीच्या शिकारीहून अगदी वेगळी. माणसाळवलेल्या चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला गाडीतून माळावर नेत. बैलगाडीला सरावलेली हरणे गाडी पाहून फारशी बुजत नसत, त्यामुळे कळपाच्या बरेच जवळ जाता येई. योग्य अंतर येताच टोपी काढली जाई. चित्ता कळपातील एक काळवीट हेरून झेपावे. ही धाव काही क्षणांचीच असे. तेवढ्यात सावज हाती आले नाही, तर चित्ता दमून थांबे आणि पाठलाग सोडून देई. सावज मिळाले, तर तो त्याचा गळा धरून ठेवी. मग चित्तेवान जवळ जाऊन पळीतून रक्तमांसाचा वाटा त्याच्यापुढे धरी आणि त्याचे लक्ष वळताच पुन्हा टोपी चढवी. राजाच्या हाती येथे करण्यासारखे फार थोडे उरे. सगळा खेळ प्राण्याला शिकवणाऱ्या माणसाच्या कौशल्यावर चाले.

हे कौशल्य कोल्हापुरात प्रामुख्याने फासेपारधी समाजाकडे होते. फासे लावून हरणे आणि पक्षी पकडणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. ब्रिटिश कायद्याने या समाजावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता आणि गावोगाव त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाई. शाहूंनी पारध्यांना चित्ते सांभाळण्याच्या, पहाऱ्याच्या आणि बांधकामाच्या कामांवर घेतले, त्यांच्या वस्त्या बसवल्या. गुन्हेगार मानल्या गेलेल्या जातींना रोज द्यावी लागणारी हजेरीची पद्धतही त्यांनी १९१८ मध्ये बंद केली. शिकारीच्या छावणीत पारध्यांचा सहवास लाभला नसता, तर या समाजाचा प्रश्न एखाद्या राजाच्या इतक्या जवळून नजरेस पडला असता का, याची शंकाच आहे.

या छंदाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. बंदिवासात चित्त्याची वीण जवळजवळ होतच नसे, त्यामुळे शिकारखान्यातील प्रत्येक चित्ता रानातून पकडून आणावा लागे. मोगल काळापासून चाललेली ही पकड, गवताळ माळांचा ऱ्हास आणि बंदुकीची शिकार यांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी देशी चित्ता दुर्मीळ झाला होता. पुढे भावनगर आणि कोल्हापूर या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणून ही परंपरा चालू ठेवली. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले.

राजपुत्र शिवाजी यांचा मृत्यू

काळविटाइतकीच शाहूंना रानडुकराच्या शिकारीची आवड होती. भरधाव घोड्यावरून भाल्याने केली जाणारी ही शिकार फार धोक्याची. खाचखळग्यांच्या जमिनीवर घोडा अडखळला, तर स्वार वाचेलच असे नसे. जून १९१८ मध्ये अशाच पाठलागात घोडा कोसळून शाहूंचे धाकटे पुत्र शिवाजी यांचा मृत्यू झाला. त्यांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. सासवडच्या जगताप घराण्यातील इंदुमतीदेवी यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता, त्याला जेमतेम एक वर्ष उलटले होते.

या घटनेने शाहू खचले, तरी विधवा सुनेच्या बाबतीत त्यांनी घेतलेला निर्णय त्या काळातील राजघराण्यांना अपरिचित असा होता. इंदुमतीदेवींना पडद्याआड ठेवण्याऐवजी त्यांनी त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. कोल्हापूरजवळच्या सोनतळी येथील छावणीत त्यांचा अभ्यास सुरू झाला आणि सोबतीला वेगवेगळ्या जातींच्या मुली ठेवण्यात आल्या. सुनेने वैद्यकीय शिक्षण घ्यावे, अशी शाहूंची इच्छा होती. ती पूर्ण होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले.

आखाडे आणि शाळा

शाहू स्वतः धिप्पाड देहाचे होते आणि कुस्ती हा त्यांचा खरा जिव्हाळ्याचा खेळ होता. दरबारच्या आश्रयाने उत्तरेकडील, विशेषतः पंजाबातील नामवंत मल्ल कोल्हापुरात येऊन राहू लागले. दूध, तूप आणि बदाम यांचा खुराक दरबारातून मिळू लागल्याने शेतकऱ्याच्या मुलालाही पूर्णवेळ मेहनत करणे परवडू लागले. पंजाबी डावपेच आणि दक्षिणेची मेहनत एकाच तांबड्या मातीत मिसळली. कोल्हापूरची कुस्ती पुढे ज्या वैशिष्ट्यांनी ओळखली गेली, त्यांची घडण याच काळातली. हत्तीशी खेळण्याच्या साठमारीलाही शाहूंनी आश्रय दिला, पण तो खेळ संस्थानाबरोबरच संपला. कुस्ती मात्र टिकली, कारण ती गावोगावच्या तालमींत रुजली होती.

१९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी शाहू इंग्लंडला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोममधील प्राचीन वर्तुळाकार क्रीडागार पाहिले. त्याच धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान उभारण्याचे काम १९०७ मध्ये सुरू होऊन १९१२ मध्ये पूर्ण झाले. मधोमध मातीचा हौदा आणि त्याभोवती सर्व बाजूंनी चढत जाणारी बैठक अशी त्याची रचना आहे. त्यामुळे अगदी मागे बसलेल्या प्रेक्षकालाही कुस्ती विनाअडथळा दिसते. मैदानाला लागूनच पुढे पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, बांधण्यात आले.

याच वर्षांत शिक्षणाचे कामही वेगाने चालले होते. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले आणि त्यानंतर निरनिराळ्या जाती-धर्मांची वसतिगृहे निघाली. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानच्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्यात आले, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरला. खेड्यातून शिकायला आलेल्या मुलाला कोल्हापुरात वसतिगृह आणि तालीम या दोन्ही गोष्टी हाताशी मिळत. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक भाऊराव पाटील हे अशा विद्यार्थ्यांपैकी एक होते. कोल्हापुरात शिकत असताना ते जैन वसतिगृहात राहत आणि त्यांना कुस्तीचा मोठा शौक होता.

निधन व नंतरचा काळ

मार्च १९२० मध्ये माणगाव येथे भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेत शाहूंनी डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या नेतृत्वाचा जाहीर पुरस्कार केला. त्यानंतर त्यांची प्रकृती ढासळत गेली. ६ मे १९२२ रोजी मुंबईत वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे ज्येष्ठ पुत्र राजाराम महाराज गादीवर आले.

कुस्तीला राजाश्रय देण्याची परंपरा संस्थान विलीन होईपर्यंत चालू राहिली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांच्या १९४८ च्या लंडन ऑलिंपिक प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी संस्थान राहिले नव्हते. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या स्पर्धेत खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

दाजीपूर आणि राधानगरी परिसरातील ज्या जंगलात शाहू शिकारीला जात, ते राखीव शिकारक्षेत्र असल्यामुळे कुऱ्हाडीपासून बऱ्याच अंशी बचावले. शाहूंनी बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणाचे पाणलोट क्षेत्रही याच डोंगरांत आहे. १९५८ मध्ये येथे गव्यांसाठी दाजीपूर अभयारण्य घोषित झाले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन ते राधानगरी अभयारण्य म्हणून ओळखले जाऊ लागले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाच्या शिकारीवर पूर्ण बंदी घातली. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात राजघराण्याची शिकारीची हत्यारे आणि पेंढा भरलेले प्राणी आजही पाहायला मिळतात.