रेव्हरंड बोवेन यांचीं पुस्तकें

मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धांवली ती १८५३ सालीं, व पुढच्याच सालीं ती कल्याणास पोंचली. त्या वेळीं मुंबईच्या देशी वस्तींत एका लहानशा खोलींत जॉर्ज बोवेन नांवाचे एक अमेरिकन पाद्री राहत असत. त्यांच्या धर्ममताशीं आमचें जुळत नाहीं व जुळण्याचा संभवही नाहीं. तथापि त्यांचीं पुस्तकें न वाचतांच त्यांस निकालांत काढणें हें वकिली रीतीस धरून नाहीं.

बोवेन यांचा जन्म १८१६ सालचा, अमेरिकेंतील व्हर्माँट प्रांतांतला. तरुणपणीं ते नास्तिक होते. ज्या मुलीशीं विवाह व्हावयाचा होता ती मृत्यु पावली, आणि तिनें मागें ठेवलेल्या बायबलानें त्यांची बुद्धि फिरली. १८४८ च्या आरंभीं ते मुंबईस आले आणि थोड्याच काळांत त्यांनीं मिशनचा पगार सोडला. वेतन घेऊन सांगितलेला वैराग्याचा उपदेश लोकांस पटत नाहीं, हें त्यांस उमगलें असावें. पुढें चाळीस वर्षें ते मायदेशीं परतले नाहींत. विल्यम टेलर यांनीं मुंबईंत मेथॉडिस्ट पंथाचें काम सुरू केलें तेव्हां बोवेन त्यांत सामील झाले. बाहेरच्या पैशावर मंडळी पोसूं नये हें टेलरांचें तत्त्व त्यांच्या स्वभावास मानवणारेंच होतें.

त्यांचें खरें कार्य लेखणीचें. 'बॉम्बे गार्डियन' हें पत्र त्यांनीं मरेपर्यंत चालविलें. नित्य चिंतनाचीं त्यांचीं पुस्तकें त्यांतल्याच लेखांतून झालीं व विलायत-अमेरिकेंत वाचलीं गेलीं. आम्हांस मात्र अधिक मोल वाटतें तें १८५७ सालच्या पुस्तकाचें. त्या वर्षी जानेवारीपासून मेअखेरपर्यंत समुद्रकिनाऱ्यावर दर आठवड्यास सभा भरत. एका बाजूस पाद्री, दुसऱ्या बाजूस विष्णुबावा ब्रह्मचारी. बावा म्हणजे पूर्ववयांत किराणा दुकानांत व नंतर जकात खात्यांत नोकरी केलेले गोखले. इंग्रजी विद्येचा त्यांस गंध नव्हता. तरी ते भर सभेंत पाद्र्यांस उलट प्रश्न विचारीत, आणि श्रोत्यांची दाटी होई. उत्तरेंत उठाव झाला त्याच सुमारास ह्या सभा संपल्या.

आतां पुढची गोष्ट आमच्या लोकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. बोवेन यांनीं त्या वादाची हकीकत त्याच वर्षी इंग्रजींत छापून काढली. बावांच्या पक्षाचें 'समुद्रकिनारीचा वादविवाद' हें मराठी पुस्तक निघालें तें १८७२ सालीं, म्हणजे बावा वारल्यानंतर! मधलीं पंधरा वर्षें इंग्रजी जाणणाऱ्या जगापुढें एकाच पक्षकाराची कैफियत होती. बोवेन यांनीं प्रतिपक्षाचें म्हणणें गाळलें नाहीं, एवढें त्यांच्या पदरीं घालावयास आम्हांस संकोच वाटत नाहीं. पण पाद्र्याच्या लेखणींतून उतरलेला वेदान्त किती वांकडा होतो, तें दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवल्यावांचून कळणार नाहीं. आपला अद्वैतविचार त्यांस केवळ भ्रम दिसला. इतकीं वर्षें ह्या देशांत काढूनही ती गांठ सुटली नाहीं.

बोवेन १८८८ च्या फेब्रुवारींत मुंबईसच वारले. त्यांच्या बोलण्यानें फारसे कोणी ख्रिस्ती झाले नाहींत. त्यांच्या फकिरी राहणीबद्दल मात्र लोकांत आदर होता.

कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें. ह्या दोन्ही ठिकाणीं वरील दोन पुस्तकें एकाच कपाटांत मिळावींत. नसतील तर वर्गणीदारांनीं तीं मागावींत, आणि चिटणिसांनीं एकच विकत घेऊन स्वस्थ बसूं नये.