मतांचा हिशेब आणि डॉ. आंबेडकर

आपल्या इंदूरजवळच्या महू छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी भीमराव जन्मले. त्यांचे शिक्षण, कोलंबिया, लंडन, हे आपण दर वर्षी जयंतीच्या भाषणांत ऐकतोच. या खेपेस त्यांच्या निवडणुकांविषयी सांगतो.

१९३२ च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघ गेले. राखीव जागा वाढून १४८ झाल्या, पण त्यांवरचा उमेदवार आता सर्वांच्या मतांनी निवडायचा होता. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ साली मुंबई प्रांतात मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते मतदाराला मिळत आणि ती सगळी एकालाच देता येत. समजा, वर्गात दोन मॉनिटर निवडायचे आहेत आणि मागच्या बाकांवरच्या मुलांनी आपली दोन्ही मते एकाच मुलाला दिली. संख्येने थोडी असूनही ती आपला मॉनिटर आणतील. पक्षाचे १७ पैकी बहुतेक उमेदवार निवडून आले.

१९४६ मध्ये मात्र काँग्रेसच्या लाटेत त्यांचे शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन जवळजवळ बुडाले. लाट मोठी असली की पद्धतही वाचवत नाही. तरीही बाबासाहेब संविधान सभेत पोहोचले ते बंगालमधून. तेथे आमदार पसंतीक्रमाने मत देत असल्यामुळे जोगेंद्रनाथ मंडल आणि इतर काहींचा पाठिंबा पुरेसा ठरला.

जानेवारी १९४९ मध्ये काही सदस्यांनी लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्व मागितले. बाबासाहेबांनी विरोध केला. निरक्षर मतदाराला ते झेपणार नाही, आणि पुष्कळ लहान पक्ष होऊन सरकार टिकणार नाही, अशी त्यांची भीती होती. स्वतःच्या लहान पक्षाचा फायदा त्यांनी पाहिला नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

त्याची किंमत त्यांनी १९५२ साली मोजली. उत्तर मुंबई हा दोन जागांचा मतदारसंघ. मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. १९३७ ची युक्ती बंद झाली होती. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर सुमारे १४ हजार मतांनी जिंकले. त्याच वर्षी बाबासाहेब राज्यसभेत गेले, पुन्हा आमदारांच्या पसंतीक्रमाच्या मतांनी. १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूकही ते हरले.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी त्यांच्या कल्पनेतील रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले.