विश्लेषण : यशवंतराव होळकर मरुभूमीच्या कडेने अमृतसरला का गेले होते?

नीराकाठच्या होळ गावावरून ‘होळकर’ हे आडनाव आले. याच घराण्यातील यशवंतराव होळकर यांनी १८०५ च्या अखेरीस अजमेरहून शेखावाटीच्या कोरड्या मुलखातून थेट अमृतसर गाठले. मागे इंग्रज फौजेचा पाठलाग सुरू होता. हा प्रवास कशासाठी होता? त्यातून काय साधले?

यशवंतराव कोण होते?

तुकोजी होळकर यांचे पुत्र यशवंतराव यांचा जन्म ३ डिसेंबर १७७६ रोजी खेड तालुक्यातील वाफगावचा. १७९७ मध्ये तुकोजींच्या निधनानंतर वारसाहक्काचा वाद पेटला. दौलतराव शिंदे यांच्या फौजेने पुण्यात त्यांचे भाऊ मल्हारराव यांना ठार केले. यशवंतराव नागपूरला गेले, तिथे कैदेत पडले, निसटले आणि त्यांनी स्वतःची फौज उभी केली. १८०१ मध्ये दुसरे भाऊ विठोजी यांना पेशव्यांनी पुण्यात हत्तीच्या पायी दिले.

कऱ्हाटीत काय घडले?

ऑक्टोबर १८०२ मध्ये होळकरांचे सरदार फत्तेसिंग माने यांनी बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. त्याच महिन्यात, २५ तारखेला, पुण्याजवळ हडपसरची लढाई यशवंतरावांनी जिंकली. दुसरे बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबरला त्यांनी इंग्रजांशी वसईचा तह केला.

वाळवंटाकडची वाटच का?

१८०४ मध्ये यशवंतरावांनी कर्नल मॉन्सनच्या फौजेला मुकुंदरा खिंडीपासून आग्र्यापर्यंत पिटाळले. मात्र दिल्लीचा वेढा फसला आणि नोव्हेंबरमध्ये फर्रुखाबादला जनरल लेकने त्यांना अचानक गाठले. भरतपूरच्या किल्ल्याने इंग्रजांचे चार हल्ले परतवले, पण एप्रिल १८०५ मध्ये भरतपूरच्या राजाने तह केला. शिंदे यांचाही कल तहाकडे झुकू लागला. दिल्ली, आग्रा आणि दुआब इंग्रजांच्या हाती होते. त्यामुळे उत्तरेत नवा साथीदार शोधायचा, तर पश्चिमेकडून वळसा घालणे भाग होते.

प्रवास किती अवघड होता?

अजमेर ते अमृतसर हे अंतर सरळ रेषेतही साडेपाचशे किलोमीटरहून अधिक आहे. एका घोड्याला दिवसाला साधारण ३० लिटर पाणी लागते. म्हणजे एक हजार घोड्यांना रोज ३० हजार लिटर. शेखावाटीत बारमाही नदी नाही. भिस्त विहिरी आणि पावसाचे पाणी साठवणाऱ्या जोहडांवर. पावसाळा नुकताच संपलेला असल्याने हे गणित कसेबसे जुळण्यासारखे होते. जिराईत पट्ट्यातील वाचकाला ते वेगळे सांगायला नको. पुढे हरियाणा, पतियाळा आणि सतलज ओलांडून ते अमृतसरला पोहोचले.

हाती काय लागले?

पंजाबात रणजितसिंह तेव्हा अवघे २५ वर्षांचे होते आणि त्यांचे राज्य अजून उभे राहत होते. लेकची फौज बियास नदीपर्यंत आली होती. शीख सरदारांनी युद्धात न पडण्याचा निर्णय घेतला. यशवंतराव एकटे पडले.

तरीही कंपनीला लढाईचा खर्च परवडत नव्हता. २४ डिसेंबर १८०५ रोजी बियासकाठी राजघाटचा तह झाला. यशवंतरावांनी बुंदीच्या डोंगरांपलीकडचे दावे सोडले. माळव्यातील राज्य मात्र टिकले. फौजेने परतायचा रस्ताही तहातच ठरवून दिला होता. फेब्रुवारी १८०६ मध्ये टोंक-रामपुराही होळकरांना परत मिळाले.

पुढे काय झाले?

यशवंतरावांनी लढाईची आशा सोडली नव्हती. भानपुऱ्यात त्यांनी तोफा ओतण्याचा कारखाना काढला आणि तिथे रात्रंदिवस राबले. १८०८ च्या सुमारास मानसिक आजाराने त्यांना ग्रासले. २८ ऑक्टोबर १८११ रोजी, वयाच्या ३४ व्या वर्षी, भानपुऱ्यातच त्यांचे निधन झाले. मध्य प्रदेशातील मंदसौर जिल्ह्यात त्यांची छत्री आजही आहे.