परत न आलेला सोलापूरकर

सोलापूरची ओळख सांगताना आपण चादरीचे, गिरण्यांचे आणि १९३० च्या मार्शल लॉचे नाव अभिमानाने घेतो. याच गावात १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. वडील गिरणीत नोकरीला. मुलगा मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाला. आता दवाखाना काढावा, घराला हातभार लावावा, एवढीच अपेक्षा कोणत्याही घराची असणार.

पण १९३८ साली जपानच्या आक्रमणाने होरपळलेल्या चीनने भारताकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. डॉ. अटल त्याचे प्रमुख होते आणि २७ वर्षांचे कोटणीस त्यांपैकी एक होते. तिकडे असतानाच वडील वारल्याची बातमी त्यांना कळली. ते परतले नाहीत.

इथे मी अडखळतो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील यंत्रमागावर राबतात. घरावर संकट आले तर पुस्तके मिटून धावत जायचे, हेच मला शिकविले आहे आणि ते मला पटतेही. मग कोटणीसांना काळीज नव्हते काय? मला तसे वाटत नाही. कोरड्या मनाचा माणूस परक्यांच्या जखमांसाठी आयुष्य वेचत नाही. त्यांनी दुःख टाकले नाही, कामात ओतले.

ध्यास म्हणजे नुसता आवेश नव्हे. आवेश बंदरावरच्या हारतुऱ्यांबरोबर सुकतो. कोटणीसांचा ध्यास रोजच्या सवयीत उतरला. ते चिनी भाषा बोलायला, लिहायला, वाचायला शिकले. १९४० च्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या असे सांगतात. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून १९३९ साली वारले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. पद मागून नव्हे, तर कामातून नेतृत्व येते, ते असे.

चिनी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या मुलाचे नाव ठेवले इनह्वा. ‘इन’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन. अपस्माराचे झटके येत असूनही ते शिकवीत, शस्त्रक्रियेवरचे पाठ्यपुस्तक लिहीत राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्याच आजाराने त्यांचा अंत झाला. पथकातील बाकीचे चौघे मायदेशी परतले. कोटणीस तेवढे तिथल्याच मातीत राहिले.

१९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला. त्यामुळे ते आपल्याला पडद्यावरचे वीर वाटतात. मला मात्र मोठे वाटतात ते परक्या लिपीची अक्षरे गिरवीत बसलेले कोटणीस. प्रत्येकाला चीनला जाता येणार नाही, घर सोडणेही जमणार नाही. पण अक्षरे गिरविणे तर आपल्या हातात आहे!